फिरत्या घराचा जीर्णोद्धार

जीर्णोद्धार म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे देऊळ येते, फार तर एखादा पडका वाडा. अमेरिकेत मात्र कितीतरी हौशी माणसे चाकांवरच्या घराचा जीर्णोद्धार करताना दिसतात. मोटारीच्या मागे जोडून ओढीत न्यायचे हे घर. आत निजायला फळी, चहाला शेगडी, पाण्याला टाकी, सगळे असते. त्याला तिकडे ट्रॅव्हल ट्रेलर म्हणतात. हे काम कसे चालते ते समजून घेण्यासारखे आहे. कारण त्यातले अर्धे शास्त्र आपल्या बैलगाडीला आणि ट्रॅक्टरच्या ट्रॉलीलाही लागू पडते.

या घरांत सर्वांत नावाजलेले म्हणजे एअरस्ट्रीम. वॉली बायम या उद्योजकाने १९३६ साली ‘क्लिपर’ नावाची गाडी काढली. तिचा मूळ आराखडा हॉली बोलस याच्या १९३४ सालच्या गाडीवरून घेतलेला. हा बोलस विमानबांधणीतला माणूस. लिंडबर्गने १९२७ साली ज्या विमानातून एकट्याने अटलांटिक ओलांडला, त्याच्या बांधणीवर याचीच देखरेख होती. त्यामुळे ही गाडीही विमानासारखीच: अ‍ॅल्युमिनियमचा पत्रा, आतून वाकवलेल्या फासळ्या, आणि पत्रा जोडायला हजारो रिव्हेट. १९६१ साली निघालेली ‘बांबी’ ही १६ फुटांची, एकाच आखाची गाडी आजही हौशी लोक शोधत फिरतात.

आता अशी साठ वर्षांची गाडी कुणाच्या परसात गवतात उभी आहे असे धरा. घेणारा हुरळतो. पत्रा घासून आरशासारखा करावा, पडदे लावावेत आणि निघावे असे त्याला वाटते. येथेच फसगत होते. अ‍ॅल्युमिनियमवर तांबडा गंज चढत नाही, म्हणून गाडी बाहेरून धडधाकट दिसते. खाली काय झाले आहे ते दिसतच नाही, कारण तळालाही पत्रा ठोकलेला असतो!

या गाडीची रचना बघा. खाली पोलादी सांगाडा: दोन लांब दांड्या, त्यांना जोडणारे आडवे तुकडे, आणि पुढे दोन्ही बाजूंनी जवळ येऊन मोटारीच्या गोळ्यावर बसणारी मान. सांगाड्यावर प्लायवूडची जमीन. त्या जमिनीच्या कडेवर कवच, म्हणजे भिंती आणि छत, बोल्टांनी आवळलेले. म्हणजे लाकडाची कड वरचे कवच आणि खालचे पोलाद यांच्या जबड्यात सापडलेली असते. खिडकीच्या, दिव्याच्या फटीतून शिरलेले पाणी भिंतीच्या पोटातून उतरते ते नेमके या कडेवर. भिंतीत काचेच्या लोकरीचे अस्तर असते. ते ओल धरून ठेवते, आणि उंदरांना घरटे करायला फारच सोयीचे पडते. मागची बाजू सगळ्यांत आधी कुजते. लाकूड कुजले की बोल्टाला धरायला काही उरत नाही, आणि कवच व सांगाडा वेगवेगळे हलू लागतात. परीक्षा सोपी आहे. मागच्या बंपरवर उभे राहून अंग वरखाली करावे आणि दुसऱ्याने बाजूने पाहावे. बंपर हलला आणि कवच जागच्या जागी राहिले, तर समजावे की आता वरवरची मलमपट्टी उपयोगाची नाही.

मग कवचच उचलावे लागते. आधी प्रत्येक वस्तूचे फोटो व मापे घ्यायची, सामानाला नंबर टाकायचे, आतला पत्रा रिव्हेट छेदून काढायचा. कवचाचा आकार बिघडू नये म्हणून आत लाकडी आडव्या ताणी ठोकायच्या. बोल्ट सोडवून कवच वर टांगले की सांगाडा खालून ओढून काढता येतो. वाळूच्या माऱ्याने गंज झाडला की कोणता तुकडा राखायचा आणि कोणता कापून नवा वेल्ड करायचा, हे उघड दिसते.

येथे शिक्षकांसाठी एक गोष्ट. पोलाद आणि अ‍ॅल्युमिनियम ओल्या जागी एकमेकांना टेकले की विजेचा बारीक घट तयार होतो, आणि त्यात झिजते अ‍ॅल्युमिनियम. स्टीलच्या भांड्यातल्या खारट-आंबट पदार्थाला टेकून पातळ अ‍ॅल्युमिनियमचा कागद घातला, तर त्याला बारीक भोके पडतात, ते याचमुळे. वर्गात दाखवायला खर्चही येत नाही. म्हणून नव्या सांगाड्याला जाड रंग देतात, दोन धातूंच्या मध्ये रबरासारखी पट्टी घालतात, आणि प्लायवूडच्या कडा इपॉक्सीने बंद करतात.

आखाबद्दल हौशी मंडळींत वाद होतात. १९६१ नंतरच्या या गाड्यांत पाट्याच्या स्प्रिंगऐवजी आखाच्या नळीत रबराचे दांडे बसवलेले आहेत. काही दशकांत ते रबर निबर होते, धक्का खात नाही, आणि प्रत्येक खड्डा थेट रिव्हेटांना लागतो. जुने ते मूळचे म्हणून राखावे असे काहींचे म्हणणे. मला ते पटत नाही. पडदे मूळचे ठेवा, आख नवा घाला. ही गाडी रस्त्यावर दुसऱ्यांच्या मुलाबाळांजवळून धावणार असते.

तसेच वजनाचे. उलाळ गाडी आणि धुरजड गाडी यांतला फरक आपल्या शेतकऱ्याला सांगायला नको. ओझे मागे गेले की जू बैलांच्या गळ्याशी उचलले जाते. बैल सावकाश चालतात म्हणून तेवढ्यावर निभावते. मोटारीच्या वेगात उलाळ ट्रेलर शेपटीसारखा झुलू लागतो, झोल वाढत जातो, आणि शेवटी मोटारीलाही फिरवतो. म्हणून एकूण वजनाच्या दहा ते पंधरा टक्के भार मानेवर यावा असा नियम आहे. हजार किलोंच्या गाडीत शंभर ते दीडशे किलो. टाकी, शेगडी, कपाटे कुठे बसवायची, हे सांगाडा उघडा असतानाच ठरवावे लागते ते याकरिता.

कवच परत बसवले की रिव्हेट ठोकायला दोन माणसे लागतात: एक बाहेरून ठोकतो, दुसरा आतून लोखंडी ठोकळा धरतो. नवरा-बायकोच्या संयमाची ही चांगलीच कसोटी असते म्हणतात! पण आतला पत्रा बसवण्याआधी पाण्याची परीक्षा घेतलीच पाहिजे. नळीने खालून सुरुवात करून हळूहळू वर जावे, म्हणजे कोणती फट गळते ते नेमके कळते. एकदम छतावर पाणी ओतले तर सगळीकडेच ओल दिसते आणि उगम सापडत नाही. गॅसच्या नळीचे सांधे साबणाच्या पाण्याने तपासावेत, काडी ओढून कधीही नाही.

खर्चाचा हिशेब मात्र बहुधा जुळत नाही. विकून पैसा करीन या आशेने हे काम हाती घेणाऱ्याने ते घेऊ नये.

आरशासारखी चकाकी देण्याचे काम सर्वांत शेवटी येते, आणि त्याला आठवडे लागतात. पहिल्या फेरीला मात्र रिकामी गाडी घेऊन जवळपासच जावे. ऐंशी ते शंभर किलोमीटर झाले की थांबून चाकांचे नट पुन्हा आवळावेत. नवे चाक बसताना ते थोडे ढिले होतातच.