कासवाची ऊब

मार्गशीर्ष-पौषाच्या दिवसांत बालाघाटाच्या पठारावर रात्र पडूं लागली म्हणजे जो तो आपल्या परीनें थंडीची तजवीज करतो. कोणी शेकोटी पेटवितो, कोणी गोधडींत शिरतो; गोठ्याच्या तोंडाशीं तरटाचा पडदा लागतो, शेळीचीं करडें डालग्याखालीं झांकलीं जातात. माणूस, गाय, शेळी ह्यांच्या अंगांत एक शेगडी अहोरात्र जळत असते, आणि बाहेरचें पांघरूण त्या शेगडीची ऊब केवळ राखून ठेवतें. कासवाच्या अंगांत अशी शेगडी नाहीं. भोंवतालची हवा व जमीन जितकी उबदार, तितकेंच तें उबदार. म्हणून थंड पडलेल्या कासवाला मायेनें घोंगडींत गुंडाळून ठेवलें, तरी सकाळीं तें तितकेंच थंड सांपडतें; उलट उन्हाची तिरीप अंगावर पडूं न दिल्यामुळें त्याचें नुकसानच होतें. कासवाला पांघरूण नको असतें, ऊब हवी असते. हा भेद ज्याला कळला, त्याला कासवाच्या निवाऱ्याचें निम्में शास्त्र कळलें.

कासवी आपल्या पिलांना नुसत्या दृष्टीनें वाढविते, ही कल्पना संतवाङ्मयानें घरोघर पोंचविली आहे. दृष्टांत म्हणून ती फार गोड आहे. वस्तुस्थिति मात्र अशी कीं, मादी जमिनींत खड्डा करून अंडीं घालते, वर माती लोटते आणि निघून जाते. त्यानंतर त्या अंड्यांकडे पाहतो तो सूर्य. तापलेल्या मातींतच पिलूं घडतें. पुष्कळ जातींत तें नर व्हावें कीं मादी, हेंदेखील त्या मातीच्या उष्णमानावरच ठरतें. ऊब अधिक मिळाली तर माद्या, कमी मिळाली तर नर. अंड्यापासून अखेरपर्यंत कासवाचें पोषण करणारी दृष्टि ती हीच.

मराठींत ‘कासव’ हा एकच शब्द पाण्यांतल्या व जमिनीवरच्या अशा दोन्ही प्राण्यांना लावला जातो, आणि ह्या एका शब्दानें पुष्कळ घोटाळा केला आहे. गोदावरीसारख्या नदींत राहणारें कासव चपट्या पाठीचें व पडदे असलेल्या पायांचें असतें. जमिनीवरच्या कासवाची पाठ घुमटासारखी व पाय हत्तीच्या पायांसारखे खांबी. खोल पाण्यांत त्याचा निभाव लागत नाहीं. घरांत पाळलीं जाणारीं जमिनीवरचीं कासवें पाहूं गेल्यास दोन जातींचा विचार करावा लागतो. पहिली जात चांदणी कासवाची. गुजरात-राजस्थानचा कोरडा प्रदेश, आंध्र, कर्नाटक, तामिळनाडु आणि श्रीलंका हें तिचें माहेर. तिच्या काळसर पाठीवर प्रत्येक उंचवट्यापासून पिवळ्या रेषा ताऱ्याच्या किरणांसारख्या फांकलेल्या असतात. दुसरी जात आफ्रिकेंतली. इंग्रजींत तिला ‘लेपर्ड टॉर्टॉइज’ म्हणतात. मराठींत तिला बिबट्या कासव म्हणावयास हरकत नाहीं. दक्षिण सुदान व इथिओपियापासून थेट दक्षिण आफ्रिकेपर्यंतच्या गवताळ व कांटेरी रानांत ती आढळते. वाळक्या गवताच्या रंगाची पाठ आणि तीवर बिबट्यासारखे काळे डाग, ही तिची ओळख. वाढलेलें बिबट्या कासव साधारणपणें ४० सेंटिमीटर लांब व दहा-पंधरा किलो वजनाचें होतें, क्वचित् ह्याहूनही पुष्कळ मोठें. आणि तें पन्नास वर्षांहून अधिक जगूं शकतें. म्हणजे तळहातावर मावणारें पिलूं घरीं आणणारा माणूस आपल्या मुला-नातवंडांच्या वतीनेंही एक जबाबदारी पत्करीत असतो.

कायद्यानें ह्या दोन जातींत मोठा भेद केला आहे. चांदणी कासव पकडणें, विकणें किंवा घरांत बाळगणें हा १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याप्रमाणें गुन्हा आहे, आणि २०२२ च्या दुरुस्तीनें ह्या कासवाला पहिल्या अनुसूचींतलें कडक संरक्षण मिळालें आहे. २०१९ सालीं जिनीव्हा येथें भरलेल्या परिषदेनें त्याचा आंतरराष्ट्रीय व्यापारही बंद केला. घरांत कासव असलें म्हणजे लक्ष्मी नांदते, ह्या समजुतीपायीं तें चोरून विकत घेणारे लोक अजून आहेत. त्यांनीं हें ध्यानांत घ्यावें. बिबट्या कासव परदेशचें असल्यामुळें त्याला वेगळा नियम लागूं होतो. तें ज्याच्याजवळ असेल त्यानें २०२४ च्या नियमांप्रमाणें केंद्र सरकारच्या ‘परिवेश’ संकेतस्थळावरून त्याची नोंद करावयाची असते. पुढें जें सांगावयाचें आहे तें अशा रीतसर नोंदलेल्या प्राण्याविषयीं आणि जप्त झालेलीं कासवें सांभाळणाऱ्या केंद्रांविषयीं आहे.

थंडी पडली कीं कासव झोंपी जातें, असा एक सार्वत्रिक समज आहे. इंग्लंडांत सेलबोर्न गांवीं अठराव्या शतकांत गिल्बर्ट व्हाइट नांवाचा निसर्गप्रेमी धर्मोपदेशक राहत असे. त्याच्या बागेंतलें टिमथी नांवाचें कासव हिवाळा आला कीं जमिनींत स्वतःला पुरून घेई आणि वसंतांत वर येई. व्हाइटनें त्याच्या हालचालींच्या नोंदी मोठ्या आस्थेनें ठेवल्या होत्या. हा टिमथी नर नसून मादी आहे, हें मात्र त्याच्या पश्चात् उघडकीस आलें. टिमथी भूमध्यसमुद्राकांठच्या जातीची होती. त्या जातीला शीतनिद्रेची विद्या जन्मतः येते: ती पोट रिकामें करते, शरीराचे व्यापार अगदीं मंद करते आणि महिनेच्या महिने तग धरते. बिबट्या कासवाला ही विद्या अवगत नाहीं. दक्षिण आफ्रिकेच्या उंच पठारावर हिंव पडतें तेव्हां तें इतर प्राण्यांनीं सोडलेल्या बिळांचा आसरा घेतें, आणि ऊन वर आलें कीं पुन्हां बाहेर येऊन अंग तापवितें. गारठ्यानें निपचित पडलेल्या अशा कासवाला ‘झोंपलें आहे, उठवूं नये’ म्हणून तसेंच ठेवणें म्हणजे आजाऱ्याला विसांवा समजून सोडून देण्यासारखें आहे.

त्या गारठ्यानें आंत काय घडतें? कासवाच्या आंतड्यांत गवत आंबवून पचविणारे सूक्ष्म जंतु असतात. अंग थंड पडलें कीं त्यांचें काम थंडावतें आणि खाल्लेलें अन्न पोटांतच नासूं लागतें. रोगाशीं झुंजणारी शक्तीही उबेवरच अवलंबून असल्यामुळें ती क्षीण होते. पुढचें संकट फुप्फुसांचें. आपल्याप्रमाणें छाती व पोट ह्यांना विभागणारा स्नायूचा पडदा कासवाला नसतो. त्याला खोकून कफ बाहेर टाकतां येत नाहीं. नाकांतून पाण्यासारखा स्राव, मान ताणून उघड्या तोंडानें घेतलेला श्वास आणि श्वासागणिक येणारा शिटीसारखा आवाज, हीं लक्षणें दिसतांच पशुवैद्याला गांठावें. कोरडी थंडी थोडा वेळ सोसते. थंडी आणि ओल एकत्र आली म्हणजे मात्र घात होतो.

आतां बीडचें हवामान पाहूं गेल्यास, हिवाळ्यांत दुपारीं येथें स्वच्छ ऊन असतें आणि उष्णमान २८ ते ३० अंश सेल्सिअसपर्यंत चढतें. पहाटे तेंच १०-१२ अंशांवर, कांहीं रात्रीं त्याच्याही खालीं उतरतें. म्हणजे येथील प्रश्न मुख्यतः रात्रीचा आहे, आणि मराठवाड्याच्या जुन्या माळवदाच्या घरानें तो फार पूर्वींच सोडविला आहे. दगडमातीच्या जाड भिंती व वरचें मातीचें धाबें दिवसभर ऊन पितात आणि रात्रीं तें सावकाश परत करतात. कासवाचा निवारा ह्याच धर्तीवर बांधावा. वाढलेल्या एका कासवाला दीड मीटर लांब व सव्वा मीटर रुंद जागा रात्रीपुरती पुरते. उंची पाऊण मीटरहून अधिक नसावी, कारण ऊब वर जाते आणि कासव तर जमिनीलगत असतें. दार लहान, आग्नेयेकडे तोंड केलेलें, व त्यावर जाड तरटाचा चिरफाळलेला पडदा असावा, म्हणजे जनावर ढकलून आंत-बाहेर करूं शकतें आणि वारा अडतो. उघड्या शहाबादी फरशीवर कासव कधींही निजवूं नये. गार फरशी त्याच्या पोटावाटे रात्रभर ऊब ओढून घेते. विटांवर फळ्या टाकून त्यांवर वाळल्या गवताचा चांगला वीतभर थर द्यावा.

इंग्लंडसारख्या देशांत मात्र हें माळवद निरुपयोगी ठरेल. तेथील हिवाळा बहुतेक उन्हाविना जातो. जाड भिंत तापावी कशानें? ती उलट आंतल्या दिव्याचीच ऊब गिळील. म्हणून तिकडे लांकडी खोपटाच्या भिंतींत व छतांत हलकें, हवा कोंडून धरणारें द्रव्य भरतात, आंत विजेचें तापक ठेवतात, आणि थंडीचे सारे महिने कासव त्याच खोपटांत काढतें. आपल्याकडे सूर्य हा तापक आहे. आपण केवळ त्याची शिल्लक रात्रीसाठीं सांठवावयाची आहे.

ही शिल्लक अपुरी पडेल त्या रात्रीं विजेची मदत घ्यावी. उजेड न देतां ऊब देणारे चिनी मातीचे तापक मिळतात. ते रात्रीं दिव्यापेक्षां बरे, कारण उजेडानें कासवाची विश्रांति मोडते. तापक वरून टांगावा, त्याला तारेची जाळी असावी, व गवतापासून तो हातभर दूर असावा. नाहींतर आगीचें भय. खालून ऊब देणें धोक्याचें आहे. रानांत ऊब वरून येते आणि कासव तिला पाठ देतें. तापलेल्या वस्तूवर बसलें असतां पोट भाजतें आहे हें त्याला लौकर उमगत नाहीं. तापकाला उष्णमान राखणारें यंत्र जोडावें. पिलांच्या निवाऱ्यांत रात्रीं २० अंशांखालीं, व मोठ्यांच्या निवाऱ्यांत १५ अंशांखालीं पारा जाऊं देऊं नये. दिवसां एका कोपऱ्यांत ३२ ते ३५ अंश व दुसऱ्यांत २५ च्या सुमारास असावें, म्हणजे जनावर आपल्या गरजेप्रमाणें जागा निवडतें. उष्णमापक कासवाच्या पाठीच्या उंचीवर लावावा. माणसाच्या डोळ्यांच्या उंचीवर लावलेला उष्णमापक माणसाचीच खुशाली सांगतो.

वीज गेली तर? दिवसभर उन्हांत ठेवलेले पाण्याचे काळे डबे सांजवेळीं आंत ठेवावे, किंवा कढत पाण्याच्या घट्ट बुचाच्या बाटल्या तरटांत गुंडाळून कडेला ठेवाव्या. पाणी ऊब फार वेळ धरतें. कोळशाची शेगडी मात्र आंत कधींही ठेवूं नये. कोंडलेला विषारी वायु कासवाला काय, माणसालाही मारतो.

उन्हाची बरोबरी दिवा पुरती करूं शकत नाहीं. कवच व हाडें घट्ट होण्यास लागणारें ‘ड’ जीवनसत्त्व उन्हांतल्या जंबुपार किरणांनीं अंगांत तयार होतें, आणि साधी कांच हे किरण अडविते. खिडकीच्या कांचेआड तापलेलें कासव उबदार असूनही उपाशीच राहतें. पिलांच्या बाबतींत आणखी एक पथ्य आहे. अतिशय कोरड्या जागेंत वाढलेल्या पिलांच्या पाठीवर शिखरासारखे उंचवटे येतात. म्हणून त्यांच्या उबदार कोपऱ्यांत दमट मातीचा एक खोपा असावा. आहार साधा: हरळी व इतर रानगवत, कांटे काढलेलीं निवडुंगाचीं फडीं, जास्वंदीचीं पानें. पोळी, भात व डाळ हा त्याचा आहार नव्हे.

एवढी यातायात पाहून, किंवा कायद्याच्या धाकानें, कित्येकांना कासवाचा कंटाळा येतो. आणि मग पुण्य लागेल ह्या भावनेनें तें नदींत सोडलें जातें. ‘कासव’ ह्या एका शब्दाचा घोटाळा येथें जीव घेतो. जमिनीवरचें कासव बिंदुसरेच्या डोहांत सोडणें म्हणजे त्याला बुडविणें. रानांत सोडणेंही योग्य नव्हे. बालाघाटाचें माळरान आफ्रिकेच्या कासवाचें घर नव्हे, आणि त्याच्या अंगावरचे गोचीड व रोग येथल्या प्राण्यांना नवे असतात. आफ्रिकेंतील कासवांबरोबर गुरांना घातक रोग पसरविणारे गोचीड येतात, ह्या कारणानें अमेरिकेनें २००० सालीं बिबट्या कासवांची आयात बंद केली होती. सांपडलेलें किंवा नकोसें झालेलें कासव वनविभागाच्या स्वाधीन करावें. त्यासाठीं १९२६ हा दूरध्वनि-क्रमांक आहे. बीड जिल्ह्यांत शिरूर कासार तालुक्यांतल्या तागडगांवीं ‘सर्पराज्ञी’ ह्या केंद्रानें जखमी वन्य प्राण्यांच्या शुश्रूषेचें काम केलें आहे.

देवळाच्या सभामंडपांत दगडांत कोरलेलें कासव ओलांडून आपण देवाकडे जातो. त्या कासवाला ऊन-थंडीची बाधा नाहीं. जिवंत कासवाला आहे. आणि त्याच्या अंगांत शेगडी नसल्यामुळें, जो कोणी त्याला घरीं ठेवतो त्याला वर्षाच्या प्रत्येक रात्रीं तिची तजवीज करावी लागते. ज्याला तें जमणार नाहीं, त्यानें दगडाच्या कासवावरच समाधान मानावें.