यंत्रांची ओळख पटत नाही तेव्हा

वरातीत किंवा मिरवणुकीत ‘डीजे’ हा शब्द तुमच्या कानांवर नेहमी पडतो. आपल्याकडे ध्वनिवर्धकांच्या भिंतीलाच डीजे म्हणण्याची पद्धत पडली आहे. मूळ शब्द मात्र माणसाचा आहे. डीजे म्हणजे ‘डिस्क जॉकी’, तबकड्या वाजवणारा कलाकार. एक गाणे संपत येताच त्याच ठेक्यात दुसरे गाणे बेमालूम मिसळणे, हे त्याचे कसब.

आता अनेक ठिकाणी तबकड्यांऐवजी पेनड्राइव्हवरची किंवा लॅपटॉपमधली गाणी वाजवणारे प्लेयर असतात. पायोनिअर कंपनीचा सीडीजे-२००० हा प्लेयर २००९ साली बाजारात आला. ‘प्रो डीजे लिंक’ या सोयीमुळे असे अनेक प्लेयर संगणकाच्या साध्या लॅन केबलने एकमेकांना जोडता येतात. लॅपटॉपमध्ये ‘रेकॉर्डबॉक्स’ हा प्रोग्रॅम असेल, तर त्यातील गाणी केबलवरून कोणत्याही प्लेयरला मिळू शकतात.

समजा, कार्यक्रमाला एक तास उरला आहे. दोन प्लेयर आणि लॅपटॉप एका स्विचला जोडले आहेत. स्विच म्हणजे अनेक केबलींना एकत्र आणणारी पेटी. सर्व यंत्रे चालू आहेत, पण प्लेयरच्या पडद्यावर लॅपटॉपचे नाव उमटत नाही. आता काय करावे?

घाबरलेला माणूस अशा वेळी केबल बदलतो, लॅपटॉप बंद करून पुन्हा सुरू करतो आणि जुळवणीतले चार आकडेही बदलतो. त्यातून जोडणी जमली, तरी दोष कशात होता हे त्याला कळत नाही. मग तोच दोष ऐन कार्यक्रमात पुन्हा उद्भवू शकतो. म्हणून एका वेळी एकच गोष्ट बदलावी आणि तपासणी खालून वर न्यावी : आधी तार, मग पत्ता आणि शेवटी प्रोग्रॅम.

तार

केबल जिथे खोचतो, त्या खाचेजवळ बहुधा एक बारीक दिवा असतो. तो लागला नसेल, तर विजेचे संकेतच पोचत नाहीत आणि पुढचे काही तपासण्यात अर्थ नाही. केबलमध्ये पीळ दिलेल्या तारांच्या चार जोड्या, म्हणजे आठ तारा असतात. टोकाची प्लॅस्टिकची खिट्टी तुटली, तर केबल वरून बसलेली दिसते, पण थोड्या धक्क्यानेही सैल होते. खात्रीची दुसरी केबल लावून पाहा.

तरीही दिवा लागला नाही, तर स्विच बाजूला ठेवा आणि लॅपटॉप एका प्लेयरला सरळ जोडा. आता दिवा लागला, तर संशय स्विचवर जातो. नाही लागला, तर स्विच निर्दोष असण्याचा संभव अधिक. अशा प्रत्येक चाचणीने शोधाचे क्षेत्र निम्म्यावर येते.

पत्ता

दिवा लागला, पण ओळख पटत नाही. आता पत्ता पाहू या. जाळ्यातील प्रत्येक यंत्राला चार आकड्यांचा एक पत्ता लागतो. घरी हे पत्ते वाटण्याचे काम राउटर करतो. आपल्या मांडणीत राउटर नाही, मग पत्ते कोण देणार?

यंत्रे ते स्वतःच ठरवतात! यासाठीचा नियम आयईटीएफ या संस्थेने मे २००५ मध्ये प्रसिद्ध केला. पत्ता देणारा कोणी भेटला नाही, तर यंत्र १६९.२५४ या आकड्यांनी सुरू होणारा एखादा पत्ता निवडते आणि ‘हा पत्ता कोणी घेतला आहे का?’ असे जाळ्यात विचारते. उत्तर आले नाही, तर तो पत्ता त्याचा. असे ६५,०२४ पत्ते उपलब्ध असल्याने दोघांनी एकच निवडण्याचा संभव फार थोडा. घरी इंटरनेट बंद पडल्यावर हा पत्ता दिसला, तर तो बिघाडाची खूण समजतात. इथे मात्र तो योग्यच आहे.

या सर्व खटपटीला थोडा वेळ लागतो. म्हणून केबल लावल्यावर मिनिटभर थांबावे.

पत्त्यातील पहिले दोन आकडे म्हणजे गल्ली आणि पुढचे दोन म्हणजे घर, असे समजा. दोन्ही प्लेयर १६९.२५४ या गल्लीत आहेत. लॅपटॉपवर मात्र मागच्या एखाद्या कामासाठी १९२.१६८ ने सुरू होणारा पत्ता कोणी हाताने लिहून ठेवला असेल, तर तो वेगळ्या गल्लीत राहिला. तार चांगली असूनही भेट होणार नाही. उपाय सोपा आहे : लॅपटॉपला ‘पत्ता आपोआप घे’ असे सांगणे.

दोन वाटा आणि पहारेकरी

पत्ताही ठीक आहे असे समजू. लॅपटॉप त्याच वेळी सभागृहाच्या वायफायलाही जोडलेला असेल, तर त्याच्यासमोर दोन वाटा असतात. प्लेयरसाठी दिलेली हाक चुकीच्या वाटेने जाऊ शकते. वायफाय बंद करून पाहा.

शेवटी उरतो फायरवॉल, म्हणजे लॅपटॉपच्या दारावरचा पहारेकरी. अनोळखी जाळ्याला विंडोज ‘सार्वजनिक’ समजते आणि बाहेरून आलेल्या हाका अडवते. प्लेयर हाका मारत असतात, पण पहारेकरी त्या आत जाऊ देत नाही. पहारा पूर्ण उठवू नका. पुढे लॅपटॉप एखाद्या खऱ्या सार्वजनिक जाळ्याला जोडला, तर दार उघडेच राहील. फक्त रेकॉर्डबॉक्सला सार्वजनिक जाळ्यातही परवानगी द्यावी.

आणि तरीही जमले नाही तर?

या लॅन केबलीतून ध्वनी वाहत नाही. गाण्याची माहिती वाहते. प्लेयरमधून निघणारा ध्वनी वेगळ्या तारेने मिक्सरकडे जातो. म्हणून जाळे अजिबात जुळले नाही, तरी गाणी आधीच पेनड्राइव्हवर उतरवून ठेवली असल्यास कार्यक्रम होऊ शकतो. जाळे मध्येच तुटले, तर काही प्लेयर हाती असलेले शेवटचे चार ठोके पुन्हा पुन्हा वाजवतात. तेवढ्या वेळात कलाकाराने दुसऱ्या प्लेयरवरचे गाणे सुरू करायचे. म्हणून अनुभवी कलाकार शोधाला मुदत घालतो. पंधरा मिनिटांत दोष सापडला नाही, तर तो लॅपटॉप मिटतो आणि पेनड्राइव्ह काढतो.

ही स्वयंनिवड तुम्हांला शाळेच्या संगणककक्षात पाहता येईल. शिक्षकांच्या परवानगीने दोन संगणकांच्या केबली काढा, दोघांचे वायफाय बंद करा आणि ते एकाच केबलने एकमेकांना जोडा. मिनिटभराने जाळ्याच्या माहितीत दोघांचे पत्ते पाहून वहीत लिहा. मग केबल काढून पुन्हा लावा. दुसऱ्या वेळी तेच आकडे आले का? आले असतील, तर यंत्राने ते कशावरून निवडले असावेत, याचा वर्गात विचार करा.