खो मिळेपर्यंत उठायचं नाही

शहापूर आणि मुरबाड तालुक्यांतल्या शाळांना खो-खो आणि कबड्डी परवडते. लागतं काय? दोन खांब, थोडी फक्की आणि दगड वेचून काढलेली जागा. तरीही दहावीचं वर्ष लागलं की घरोघरी एकच बोलणं सुरू होतं: आता खेळ पुरे, पुस्तक घे. खेळानं अभ्यास बुडतो, हे गृहीतच धरलेलं असतं.

बसून राहण्याचं कसब

खो-खोत आठ गडी रांगेत बसतात, शेजारच्याचं तोंड उलट दिशेला. पळणारा हाताच्या अंतरावरून निसटतो, पाय शिवशिवतात, पण पाठीमागून खो मिळेपर्यंत उठायचं नाही. आधी उठलात की फाउल. एकदा दिशा धरली की मागे वळायचीही सोय नाही. लोकांना या खेळातलं पळणं दिसतं. मला त्यातलं थांबणं मोठं वाटतं. गणिताचं उदाहरण अर्धवट वाचून आकडेमोडीला लागणारा मुलगा नेमका इथेच चुकतो.

अमेरिकेत 7 ते 9 वर्षांच्या 221 मुलांवर झालेल्या प्रयोगाचे निष्कर्ष 2014 मध्ये प्रसिद्ध झाले. त्यातली काही मुलं नऊ महिने शाळा सुटल्यावर धावण्या-खेळण्याच्या वर्गाला जात होती. लक्ष टिकवणं आणि घाईच्या उत्तराला आवर घालणं, या दोन्हींत ती इतरांच्या पुढे गेली. ज्यांची हजेरी जास्त, त्यांची प्रगतीही जास्त. त्या वर्गात खो-खो नव्हता, एवढंच.

दिवाळीनंतरची हजेरी

आपल्याकडचा खरा प्रश्न त्याही आधीचा आहे. मूल शाळेत असेल तर लक्ष टिकवेल. दिवाळी आटोपली की अनेक कातकरी कुटुंबं बिऱ्हाड उचलून भिवंडी-कल्याणकडच्या वीटभट्ट्यांवर निघतात. सोबत मुलंही जातात, आणि पुढचा अभ्यास तिथेच तुटतो.

आदिवासी आश्रमशाळांच्या क्रीडास्पर्धा प्रकल्प, विभाग, राज्य अशा पायऱ्यांनी होतात. ठाण्याच्या या भागाचं आदिवासी विकास प्रकल्प कार्यालय शहापुरातच आहे. संघात नाव असलेल्या पोराला थांबायला कारण मिळतं. ‘अभ्यास बुडेल’ हे वाक्य बापाच्या कानावरून जातं. ‘आमचा सातवा गडी चाललाय’ म्हटलं की तो निदान विचार करतो. अर्थात, पोटाची ओढ मोठी असते. खेळानं स्थलांतर थांबत नाही. पण मूल मागे वसतिगृहात ठेवायचं की नाही, या हिशेबात खेळाचं वजन पडतं.

मुलींच्या बाबतीत तर जास्तच. अमेरिकेतल्या राज्यांची आकडेवारी ताडून बेट्सी स्टीव्हन्सन या अर्थतज्ज्ञ बाईंनी 2010 मध्ये दाखवलं, की शाळेत खेळणाऱ्या मुलींचं प्रमाण दहा टक्क्यांनी वाढलं, तर कॉलेजात जाणाऱ्यांचं एका टक्क्यानं वाढतं. एक टक्का ऐकायला थोडा वाटतो. नववीनंतर शाळा सुटणाऱ्या मुलींच्या पाड्यावर तो थोडा नाही.

सवलतीचे गुण

दहावी-बारावीला खेळाडूंना जास्तीत जास्त 25 सवलतीचे गुण मिळतात. प्रस्ताव शाळेनं जिल्हा क्रीडा कार्यालयामार्फत मंडळाकडे पाठवायचा असतो. प्रमाणपत्रं जपून ठेवा आणि मुदत चुकवू नका. सरकारी नोकरीत पाच टक्के खेळाडू आरक्षण आहे, त्यालाही प्रमाणपत्रं लागतात.

नाशिक जिल्ह्यातल्या सावरपाड्याची कविता राऊत 2010 च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत 10,000 मीटरमध्ये कांस्यपदक घेऊन आली. तिचं नाव घेऊन पोरांना पळवायला हरकत नाही. पण हा लेख ज्यांना कधीच पदक मिळणार नाही, त्यांच्यासाठी आहे.

पीटीचा तास कुणाचा?

जानेवारीत पोर्शन उरला की पहिला बळी पीटीच्या तासाचा जातो. उरलासुरला तास संघातल्या बारा जणांचा. बाकीचे टाळ्या वाजवायला. जागतिक आरोग्य संघटना 5 ते 17 वयाच्या प्रत्येक मुलासाठी दिवसाला सरासरी 60 मिनिटांची हालचाल सांगते. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्यानं मैदान आणि खेळाचं साहित्यही शाळेच्या निकषांत घातलं आहे.

पावसाळ्यात पटांगणाचा चिखल होतो, तेव्हा व्हरांड्यात दोरीउड्या, लेझीम, सूर्यनमस्कार चालतात. आणि रात्रीच्या अभ्यासाला डुलक्या येत असतील, तर खेळ बंद करू नका. सराव अर्धा तास आधी संपवा आणि पोरांच्या हातावर मूठभर शेंगदाणे नि गुळाचा खडा ठेवा.