आपली जिल्हा परिषद

मुलांनो, खेड्यातील प्राथमिक शाळा, आरोग्य केंद्र आणि रस्ते यांची काळजी कोण घेते? जिल्हा परिषद.

वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवरून १९६१ साली कायदा झाला. १ मे १९६२ रोजी महाराष्ट्रात जिल्हा परिषदा सुरू झाल्या. गावासाठी ग्रामपंचायत, तालुक्यासाठी पंचायत समिती, तर जिल्ह्याच्या ग्रामीण भागासाठी जिल्हा परिषद असते. लोक मत देऊन सदस्य निवडतात. सदस्य आपल्यातून अध्यक्ष निवडतात. मुख्य कार्यकारी अधिकारी रोजचा कारभार पाहतात. २०११ साली निम्म्या जागा स्त्रियांसाठी राखीव झाल्या.

अनेक उर्दू शाळाही जिल्हा परिषदेच्याच आहेत. शाळेत शिक्षक कमी असतील, तर सदस्यांना त्याविषयी विचारणे हा पालकांचा हक्क आहे. अठरा वर्षांचे झाल्यावर तुम्हीही मत द्याल. तेव्हा उमेदवाराला आधी शाळेविषयी विचारा.