उसातलं वाया काय जातं?

कारखान्याच्या गव्हाणीत एक टन ऊस पडला, की साखर निघते साधारण 100 ते 120 किलो. मग बाकीच्या उसाचं होतं काय?

रस काढल्यावर सुमारे 280 किलो बगॅस उरतो. हाताला ओलसर लागणाऱ्या या भुशात जवळपास निम्मं पाणी असतं, तरी तो बॉयलरमध्ये उत्तम जळतो. त्याच्या वाफेवर टर्बाइन फिरतं, रस आटतो. सहवीजनिर्मिती प्रकल्प असेल, तर जास्तीची वीज विकताही येते. काकवीसारख्या दाट मळीपासून इथेनॉल बनतं. रस गाळताना साचणारा काळपट प्रेसमड कंपोस्ट होऊन पुन्हा शेतात जातो.

खरी कसोटी लागते ती स्पेंटवॉशच्या बाबतीत. मळीपासून इथेनॉल करताना एका लिटरमागे हे काळपट, आम्लधर्मी सांडपाणी अनेक लिटर निघतं. ओढ्यात सोडलं, तर पाण्यातला प्राणवायू संपून मासे मरतात. बंद टाकीत जिवाणूंकरवी कुजवलं, तर त्यातूनच बायोगॅस मिळतो.

पण याचा जाब विचारायचा कोणी? 1950 मध्ये प्रवरानगरच्या सहकारी कारखान्याचा पहिला हंगाम सुरू झाला. तेव्हापासून महाराष्ट्रातल्या अनेक कारखान्यांचे मालक सभासद शेतकरीच आहेत. त्यांनी वार्षिक सभेत उसाच्या दराबरोबर सांडपाण्याचा हिशेबही मागायला हवा.