पानावर जाऊ नका, फळ बघा

गाजर, धणे, जिरे, ओवा, बडीशेप ही सगळी एकाच कुळातली. या कुळाची मोठी खूण म्हणजे चामरकल्प फुलोरा: एकाच बिंदूतून छत्रीच्या काड्यांसारखे दांडे फुटतात आणि प्रत्येकाच्या टोकाला बारीक फुले येतात. त्यामुळे चंद्रपूर-गडचिरोलीच्या रानात गाजराचे नातेवाईक शोधणारा अशा छत्र्याच धुंडाळत फिरतो. त्यांच्यातला एक मात्र त्याच्या पायाखाली असतो. त्याचे नाव कारिवणा. संस्कृतात मंडूकपर्णी, शास्त्रीय नाव सेंटेला एशियाटिका.

नाल्याचा सावलीतला काठ, मामा (माजी मालगुजारी) तलावाची पाळ, बोडीकडेचा म्हणजे छोट्या तळ्याकडेचा गवताळ पट्टा, धानाच्या बांधीचा ओलसर धुरा, अशा जागी तो जमिनीलगत पसरतो. खोड दोरीसारखे बारीक. पेरापेरांवर मुळे फुटतात आणि तिथूनच लांब देठांच्या पानांचा झुबका वर येतो. पान मूत्रपिंडाच्या आकाराचे, कडा बोथट दातेरी. फुलोरा दिसत नाही म्हणाल, तर बोटांनी पाने बाजूला करा. देठांच्या बुडाशी, आखूड दांडीवर, तीन-चार गुलाबी-जांभळट फुले दाटीने बसलेली असतात. छत्रीच ती, पण काड्या जवळजवळ नसलेली.

घोळ होतो तो पानामुळे. उंदीरकानीचे पान असेच रुंद, वेलही पेरावर मुळे धरणारी. पण ती रताळ्याच्या कुळातली, फूल पिवळे आणि नरसाळ्यासारखे. ‘ब्राह्मी’ या नावाने कारिवणाही ओळखला जातो आणि नीरब्राह्मीही. नीरब्राह्मीची पाने लहान, मांसल, जोडीजोडीने येणारी आणि बिनदेठाची. पाकळ्या खाली नळीत जुळलेल्या. कारिवण्याच्या पाच पाकळ्या सुट्या असतात.

खात्री मात्र फळच देते. अख्खा धणा बोटांत चोळला की त्याच्या दोन फाका होतात, प्रत्येकीत एक बी. कारिवण्याचे चपटे, जाळीदार शिरांचे, जेमतेम तीन-चार मिलिमीटरचे फळही पिकल्यावर असेच दुभंगते. फरक वासाचा. धण्याजिऱ्याच्या फळात सुगंधी तेलाच्या नळ्या असतात. इथे त्या नसतात किंवा अगदी अस्पष्ट असतात. म्हणून केवळ नाकावर विसंबणाराही चकतो.

नामकरणाच्या इतिहासातही या वनस्पतीने जागा बदलली आहे. लिनियसने १७५३ मध्ये तिला हायड्रोकोटिल या प्रजातीत बसवले. १८७९ मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ अर्बनने तिला सेंटेलात आणले. पुढे डीएनएच्या अभ्यासानंतर हायड्रोकोटिलची रवानगी जिनसेंगच्या कुळात झाली. सेंटेला गाजराच्याच कुळात राहिली.

ही काटेकोर ओळख हौसेपुरती नाही. कारिवण्यातील एशियाटिकोसाइड हे द्रव्य जखमा भरून येण्याच्या संदर्भात अभ्यासले गेले आहे. नीरब्राह्मीतली मुख्य द्रव्ये निराळी, बॅकोसाइड नावाची. वाळून चुरा झाल्यावर दोन्हींतला फरक डोळ्यांना कळणे कठीण. शिवाय याच कुळात विषारी झाडेही आहेत: इ. स. पूर्व ३९९ मध्ये सॉक्रेटिसला दिलेला हेमलॉक गाजराचाच भाऊबंद. तेव्हा अनोळखी रोप चाखून पाहू नये. फोटो काढायचा तर वरून दिसणाऱ्या पानाचा एकच काढून थांबू नका. पेर, पानांच्या बुडाशी दडलेले फूल आणि शेजारी मोजपट्टी ठेवून फळ, एवढे टिपले तर वनस्पतिशास्त्रज्ञाला नाव सांगणे सोपे जाते.