‘जतन झाले’ म्हणजे नेमकं काय झालं?

बँकेच्या ॲपमध्ये आपण मोबाइल नंबर बदलतो, ‘माहिती जतन झाली’ अशी हिरवी अक्षरं उमटतात आणि आपण निर्धास्त होतो. मी पुण्यात सॉफ्टवेअर टेस्टर आहे. माझं काम त्या हिरव्या अक्षरांपाशी सुरू होतं.

ॲप आणि माहितीचा साठा यांच्यामध्ये एक सेवा असते. आम्ही तिला एपीआय म्हणतो. माहिती मागायची तर ‘गेट’, थोडी बदलायची तर ‘पॅच’, पूर्ण नव्याने लिहायची तर ‘पुट’, अशा ठरलेल्या विनंत्या तिच्याकडे जातात.

माहिती वाचणं सोपं वाटतं, पण मला जास्त त्रास तिथेच होतो. अस्तित्वात नसलेला खाते क्रमांक मागितला तर ‘४०४’, म्हणजे ‘सापडलं नाही’, असं उत्तर यायला हवं. खातं आहे पण व्यवहार एकही नाही, तेव्हा मात्र ‘२००’, म्हणजे ‘ठीक आहे’, आणि रिकामी यादी. या दोन्हींची गल्लत झाली की नव्या खातेदाराला त्याचं खातंच नसल्याचं सांगितलं जातं.

मराठीतल्या सेवेत मी हटकून ‘कऱ्हाड’ शोधून पाहते. यातला ‘ऱ’ युनिकोडमध्ये दोन तऱ्हांनी साठवता येतो: ०९३१ क्रमांकाचं एकच अक्षर म्हणून, किंवा साधा ‘र’ आणि त्यापुढे नुक्ता (अक्षराखालचं टिंब) अशी जोडी म्हणून. वाचणाऱ्याला दोन्ही सारखेच दिसतात, संगणकाला नाही. साठवताना एक आणि शोधताना दुसरं वापरलं गेलं, तर कऱ्हाडचे सगळे ग्राहक यादीतून गायब! म्हणून साठवण्याआधी आणि शोधण्याआधी दोन्ही रूपं एकसारखी करून घ्यावी लागतात. फक्त इंग्रजी नावं टाकून चाचणी उरकणाऱ्यांना हे कधीच सापडणार नाही, आणि याचा मला मनापासून राग येतो.

आता बदल. बनावट खातेदाराचं रेकॉर्ड मी आधी वाचून ठेवते. ‘पॅच’ने फक्त मोबाइल नंबर बदलते आणि सगळं रेकॉर्ड पुन्हा मागवते. नवा नंबर दिसला, एवढ्यावर चाचणी संपत नाही. पत्ता, जन्मतारीख, वारसाचं नाव जसंच्या तसं आहे ना? ‘पुट’ पूर्ण रेकॉर्डची जागा घेतं. ‘पॅच’च्या जागी चुकून ते वापरलं आणि सोबत फक्त नंबर पाठवला, तर बाकीचे रकाने कोरे होऊ शकतात. शिवाय उत्तर कधीकधी मधल्या कॅशमधून, म्हणजे तात्पुरत्या साठवलेल्या प्रतीतून येतं, म्हणून मी थेट डेटाबेसमध्येही डोकावते.

आणखी एक प्रसंग मी मुद्दाम घडवून आणते. दोन कर्मचारी एकच रेकॉर्ड उघडतात. एक पत्ता बदलतो, दुसरा ईमेल, आणि दोघंही पूर्ण रेकॉर्ड जतन करतात. दुसऱ्याच्या जुन्या प्रतीने पहिल्याचा नवा पत्ता पुसला जातो, कुठलीही सूचना न येता. यावर उपाय आहे. प्रत्येक रेकॉर्डसोबत ‘ई-टॅग’ नावाची आवृत्तीची खूण द्यायची. बदल पाठवताना ती जुळली नाही तर सेवेने ‘४१२’ सांगून नकार द्यायचा. दुसऱ्याला तो नकार मिळाला, की माझी चाचणी पास.

तुम्हीही ऑनलाइन काही बदलाल तेव्हा ॲपमधून बाहेर पडून पुन्हा लॉगिन करा, आणि बदललेल्या ओळीबरोबर बाकीच्या ओळीही वाचा. विशेषतः वारसाचं नाव.